सुभेदार मास्तरांची शाळा



एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उज्जैनच्या स्टेशनावर अचानक मराठी ऐकू येऊ लागते. विदर्भातून, खानदेशातून, मराठवाड्यातून माणसे आलेली असतात. हातात निळे झेंडे, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरे. सगळ्यांना महूला जायचे असते. आम्ही भैरवगढची चार-पाच मराठी ख्रिस्ती कुटुंबे. त्या दिवसांत कुणी गाडी विचारतो, कुणी पाण्याचा नळ, आणि आपल्या भाषेत उत्तर मिळाले की त्यांचे चेहरे उजळतात. महूत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते महूतच का जन्मले? कोकणातल्या आंबडव्याचे घराणे माळव्यात कसे आले? याचे उत्तर शोधायला गेले की एक शिपाई भेटतो, जो पुढे शाळामास्तर झाला. यंदाच्या लेखात आम्हांला त्यांच्याविषयी लिहायचे आहे. मुलाच्या मोठेपणाच्या सावलीत बाप कधीकधी दिसेनासा होतो, तसे त्यांचे झाले आहे.

भैरवगढ आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी हा भाग आहे. काळभैरवाचे देऊळ, मध्यवर्ती तुरुंग आणि छिप्यांची घरे ही इथली ओळख. कापडावर मेण टाकून रंगवायचे बाटिकचे काम इथे घरोघरी चालते आणि भैरवगढ प्रिंट म्हणून लांबवर विकले जाते. इथून क्षिप्रा उत्तरेकडे वाहत महिदपूरला जाते. त्या महिदपुरापाशी २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्या फौजेची आणि कंपनी सरकारच्या फौजेची लढाई झाली. होळकर हरले, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरला तह झाला, आणि त्या तहानंतर इंदूरजवळ इंग्रजांची छावणी पडली. ती महूची छावणी. म्हणजे आमच्या नदीकाठच्या एका लढाईतून ते गाव उभे राहिले आणि त्याच गावात पुढे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ नावाच्या माणसाने आपल्या पलटणीतल्या लोकांना लिहायला-वाचायला शिकवले. लढाईतून शाळा निघावी, हे आम्हांला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे.

रामजींचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजीही फौजेतच होते. त्या काळी महार समाजातल्या तरुणाला गावात काय होते? वेसकरकी, सांगकाम, आणि सावलीसुद्धा टाळली जाणे. फौजेत मात्र गणवेश होता, ठरलेला पगार होता, हुद्दा होता आणि म्हातारपणी पेन्शन होती. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई कंपनीच्या काळापासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतल्या शिपायांची नावे भीमेकाठच्या स्तंभावर कोरलेली आहेत, ती आपल्यापैकी अनेकांनी जाऊन वाचली आहेत.

पण फौजेने आणखी एक गोष्ट दिली, जिच्याबद्दल फार बोलले जात नाही. ती म्हणजे शाळा. पलटणीत शिपायांच्या मुलांसाठी दिवसाची शाळा असे आणि मोठ्या माणसांसाठी रात्रीची. मुलगा असो वा मुलगी, शिकणे सक्तीचे. ज्यांच्या सात पिढ्यांना पाटीला हात लावू दिला नव्हता, त्यांना इथे पाटी घेतली नाही तर शिक्षा होती! सरकारला शिपायांच्या उद्धाराची तळमळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. हुकूम वाचता येणारा, हिशेब ठेवता येणारा शिपाई त्यांना हवा होता. तरीपण बी पडले ते पडलेच. त्या वसाहतींतल्या बायकासुद्धा वाचू लागल्या.

या शाळांना मास्तर लागत. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. मराठी त्यांचे चांगले होते, इंग्रजीही त्यांनी कमावली होती. ते लष्करी शाळेत शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक झाले, आणि ते काम त्यांनी चौदा वर्षे केले. हुद्दा सुभेदाराचा. एतद्देशीय माणसाला त्या फौजेत त्याच्या फार पुढे जाता येत नव्हते.

चौदा वर्षे! संडे स्कूल घेणाऱ्या आमच्या बहिणींना आणि भावांना या आकड्याचे वजन कळेल. दिवसा पोरे, रात्री कवायतीने थकलेले मिशाळ गडी. बंदूक सराईतपणे धरणाऱ्या हाताला लेखणी धरवत नाही. आमच्या मंडळीत एक निवृत्त हवालदार काका आहेत. ते संध्याकाळच्या वर्गात मुलांना गणित शिकवतात. ते सांगतात की फौजेत आजही शिक्षणाची परीक्षा पास झाल्याशिवाय बढतीचे नाव निघत नाही, आणि तिशी ओलांडलेला शिपाई अपूर्णांकापुढे बसला की शत्रूपुढे बसल्यासारखा घामाघूम होतो. सैन्याचे वेगळे शिक्षण दलच आहे आणि त्याचे प्रशिक्षण केंद्र आपल्याच मध्य प्रदेशात, पचमढीला आहे. काका म्हणतात, “मास्तर हवालदार असला तरी वर्गात त्याला सुभेदारसाहेबसुद्धा दबकून असतात.” रामजी सुभेदारही होते आणि मास्तरही. त्यांच्या वर्गात किती शांतता असेल!

रामजींची पत्नी भीमाबाई. त्या मुरबाडकरांच्या, म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या. त्यांचे माहेरही फौजेतलेच, वडील सुभेदार-मेजर. या जोडप्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतली फार थोडी जगली: बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि सगळ्यांत धाकटा भीम, ज्याला घरात भिवा म्हणत. महूच्या छावणीतल्या ‘काली पलटन’ भागात तो जन्मला. आज त्या जागी मोठे स्मारक आहे आणि २००३ पासून गावाचे सरकारी नावच डॉ. आंबेडकर नगर आहे. माणसे तिथे डोके टेकवतात. आम्ही तिथे गेलो तेव्हा त्या छावणीत रामजींचा वर्ग कुठे भरत असेल, असे उगाच चहूकडे बघत राहिलो.

घर कबीरपंथी होते. दारू नाही, मांस नाही. सकाळ-संध्याकाळ मुलांनी भजने, अभंग म्हटलेच पाहिजेत, पाठ केलेच पाहिजे. बाप शिस्तीचा कडक. बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे की आपले वडील लष्करी अधिकारी होते आणि तितकेच धार्मिकही होते. रामायण-महाभारत ते मुलांना वाचायला लावत. मुलाने एकदा विचारले की ज्या ग्रंथांत आपल्या लोकांना हलके लेखले आहे, ते आम्ही कशासाठी वाचायचे? बापाने आधी गप्प केले, पण पुन्हा विचारल्यावर उत्तर दिले. द्रोण बघ, कर्ण बघ, वाल्मीकी बघ, असे ते म्हणाले. साध्या घरातली माणसे, पण कुठे जाऊन पोहोचली! आपण कमी आहोत हे मनातून निघून जावे, म्हणून वाचायचे. मुलाला ते उत्तर पुरे वाटले नाही, आणि तेही त्याने लिहून ठेवले आहे. आपल्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला बसताना मुलगा असा काही अडचणीचा प्रश्न विचारतो, तेव्हा आपण काय करतो? “गप्प बैस, देवाच्या गोष्टीत तोंड घालू नकोस” असे पुष्कळ घरांत ऐकू येते. रामजींच्या घरीही आधी तसेच झाले, पण प्रश्नाला शेवटी जागा मिळाली, उत्तर पुरे पडो वा न पडो.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो की देवाचे वचन मुलांच्या मनावर ठसवा: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. रामजी आपल्या विश्वासाचे नव्हते. ते कबीरपंथी म्हणून जगले, आणि त्यांना ओढूनताणून आपल्या रांगेत बसवणे आम्हांला बरे वाटत नाही. पण निजताना आणि उठताना शिकवणे म्हणजे काय, हे त्यांच्या घरात जसे घडले तसे फार कमी घरांत घडले असेल. त्याविषयी थोडे पुढे.

भिवा दोन-तीन वर्षांचा असताना रामजी निवृत्त झाले. महिना पन्नास रुपये पेन्शन. माळवा सोडून कुटुंब दापोलीला आले. दापोलीला तेव्हा फौजेतून निवृत्त झालेल्या लोकांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. फौजेतून परतल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले.

याच सुमारास एक हुकूम निघाला. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी वाटणी सेनापती रॉबर्ट्ससारख्या अधिकाऱ्यांनी केली होती, आणि १८९२ च्या सुमारास महारांची फौजेतली भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांचेच नातू लढायला नालायक ठरले. भरती गेली म्हणजे पगार गेला आणि पेन्शन गेली. आणि शाळा गेली, हे कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. आंबडव्यासारख्या गावातल्या पोराला पाटीपर्यंत नेणारी तीच तर एक वाट होती. रामजी महात्मा फुल्यांच्या परिचयातले होते. त्यांनी स्वस्थ बसायचे नाकारले आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने सरकारकडे अर्ज करवला, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. वलंगकरांनीही अर्ज केला. सरकार हलले नाही. महार पलटण पुन्हा उभी राहायला १९१७ साल उजाडले, पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, आणि गरज सरल्यावर तीही मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची.

मास्तरांची शाळा अशी वरच्या हुकमाने चालू झाली आणि वरच्याच हुकमाने बंद पडली. पण मास्तर शिल्लक होते.

दापोलीहून कुटुंब साताऱ्याला आले. १८९६ मध्ये भीमाबाई तिथेच वारल्या. भिवा पाच वर्षांचा होता. रामजींची बहीण मीराबाई, पाठीने वाकलेली, तिने मुलांना पोटाशी धरले. रामजींना गोरेगावच्या बाजूला, खटाव तालुक्यात, रोखपालाची नोकरी लागली. दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तिथे सरकार तलाव खोदत होते. आणि भिवा साताऱ्यात शाळेत जाऊ लागला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचे नाव सरकारी हायस्कुलात पहिल्या इंग्रजीत दाखल झाले. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

इथे आम्हांला जरा थांबायचे आहे.

त्या शाळेत भिवा इतर मुलांबरोबर बसत नसे. वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे. ते गोणपाट रोज घरी न्यायचे आणि रोज आणायचे, कारण शाळा झाडणारा गडीही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नसला तर पाणी नाही. परटाला पैसे देण्याची ऐपत होती, पण परीट कपडे धूत नसे, बहिणी धूत. न्हावी केस कापत नसे. थोरली बहीण कापे. हे सगळे बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.

आणि हा कुणाचा मुलगा? चौदा वर्षे मुख्याध्यापक असलेल्या माणसाचा. शेकडो माणसांना ज्याने पाटीवर बसवले, त्याचे स्वतःचे पोर शाळेत गोणपाटावर. छावणीच्या फाटकाच्या आत मास्तर म्हणून सलाम झेलणारा माणूस फाटकाबाहेर पडला की पुन्हा महार होता. असे असताना बाप काय करतो? रागाने पोराला शाळेतून काढून घरी बसवले असते, तरी त्यांना कुणी नावे ठेवली नसती. घरी शिकवायला ते स्वतः समर्थ होते. रामजींनी पोराला शाळेत पाठवले, गोणपाटासकट पाठवले, आणि घरी आल्यावर स्वतः शिकवले. दोन्ही केले. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत कठीण गोष्ट हीच असावी. पोराला रोज अपमानाच्या दारात सोडायचे आणि त्या दारातून त्याने अक्षर तेवढे उचलून आणावे म्हणून रात्री त्याच्याबरोबर बसायचे.

१९०१ च्या उन्हाळी सुटीत मुले वडिलांकडे गोरेगावला निघाली. नवे इंग्रजी पद्धतीचे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनावर उतरली, तर वडील आले नव्हते. मुलांनी पाठवलेले पत्र नोकराने त्यांना दिलेच नव्हते. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. जात कळताच मागे सरकला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, असे ठरले. वाटेत डबा होता पण पाणी नव्हते. रात्री जकातनाक्यापाशी मुलांनी आपण मुसलमान आहोत असे उर्दूत सांगून पाहिले, तरी घोटभर पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या सुमारास ती पोहोचली, तेव्हा रामजी दारात त्यांना पाहून चकित झाले. त्यांना काहीच कळले नव्हते.

या लहानग्यांपैकी एकाला थंड पाण्याचा एक पेला देणाऱ्याचे प्रतिफळ बुडणार नाही, असे प्रभू म्हणाला. त्या रस्त्यावर तो पेला कुणाच्याच हातून सुटला नाही. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर बसण्याच्या जागेचाच प्रश्न आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायांशी बस म्हणणे, हे याकोब पाप म्हणतो, आणि ते लिहितो आहे मंडळीला, बाहेरच्यांना नव्हे. १९३८ साली बाबासाहेब सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलले, तेव्हा बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांची आपल्यावर छाप आहे असे त्यांनी सांगितले, आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्येही जात पाळली जाते हे त्यांनी तोंडावर सुनावले. आपल्या बऱ्याच मराठी मंडळ्यांतल्या आजोबा-पणजोबांची कहाणी भिवाच्या गोणपाटापासून फार लांब नाही. मग “तुमचे मूळ गाव कोणते, आडनाव काय” हे प्रश्न लग्न जुळवताना आपल्याकडे अजून कशासाठी विचारले जातात? बाप्तिस्म्याच्या पाण्याने न गेलेले ते काय आहे? हे विचारले की काही वडीलधारी मंडळी नाराज होतात. होऊ देत.

भैरवगढच्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात एकच मोठी सतरंजी आहे. छिप्यांची मुले येतात, तुरुंगातल्या कामगारांची येतात, आमच्या मंडळीची येतात. सुरुवातीला एका आईने पोरीसाठी वेगळे आसन आणि पाण्याची बाटली पाठवली होती. हवालदार काकांनी आसन घडी करून नीट ठेवले, पोरीला सतरंजीच्या मधोमध बसवले आणि माठातले पाणी स्वतः ओतून आधी आपण प्यायले, मग तिला दिले. भाषण नाही, काही नाही. संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा आसन तिच्या हातात दिले. पोरगी आठवडाभर आली नाही. नंतर आली. तिच्या आईने काय विचार केला ते तिचे तिला माहीत. आम्ही विचारले नाही.

१९०४ मध्ये रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत चूल, भांडी, सरपण, माणसे. भिवा एलफिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. चाळीत दिवसभर गलका असायचा, अभ्यासाला शांतता मिळायची ती मध्यरात्रीनंतर. म्हणून मुलाला लवकर झोपायला लावायचे, स्वतः दोन वाजेपर्यंत जागे राहायचे, दोनला त्याला उठवायचे आणि मग आपण आडवे व्हायचे, असा रामजींचा नेम होता. तेव्हा ते म्हातारे झाले होते. पहारा देण्याची शिपायाची सवय इथे उपयोगी पडली असेल. चौदा वर्षे पलटण शिकवणाऱ्या मास्तरांच्या वर्गात आता एकच विद्यार्थी होता आणि शाळा दहा-बारा फुटांची होती.

इंग्रजी त्यांनी स्वतःच पक्की करून घेतली. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला पाठ करायला लावली, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून भाषांतरे करून घेतली. नेमका शब्द हातात येईपर्यंत पोराची सुटका नसे. भिवाला क्रमिक पुस्तकांपेक्षा बाहेरच्या पुस्तकांचे वेड. एखादे पुस्तक हवे म्हटले की रामजी उठत आणि लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिच्याकडे पैसे नसले तर ती एखादा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवून मुलीला परत जाई. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तेच. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचे कौतुक जगभर होते. त्या संग्रहाच्या पायाशी त्या बहिणीचे दागिने आहेत.

सगळे काही गोड नव्हते. रामजींनी दुसरे लग्न केले होते आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भिवा कडवट झाला होता. मुंबईला पळून गिरणीत काम धरावे, म्हणून त्याने साताऱ्यात असताना आत्याची पिशवी चोरायचा प्रयत्न केला. हाती लागला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने त्याचे डोके ठिकाणावर आणले आणि तो अभ्यासाला लागला, असे त्यानेच सांगितले आहे. मुंबईत आल्यावर दोन्ही मुलांचा शिक्षणाचा खर्च पेन्शनीत बसेना, तेव्हा आनंदरावाला शाळा सोडून कामाला जावे लागले. एका मुलाला पुढे पाठवायचे म्हणून दुसऱ्याला थांबवायचे. या निवाड्याबद्दल रामजींना दोष द्यावा की नाही, हे आम्हांला ठरवता येत नाही. गरिबाच्या घरी असे निवाडे होतात, आपल्या मंडळ्यांतल्या घरोघरी झाले आहेत, आणि बहुतेक वेळा ज्याला थांबवले त्याचे नाव कुणी घेत नाही. म्हणून इथे मुद्दाम लिहितो: आनंदराव.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला. सत्काराच्या सभेत सी. के. बोल्यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी. ए. पार पडले. त्या पंचवीस रुपयांपूर्वी जे काही लागले ते पेन्शन आणि मुलीचे दागिने यांतून आले होते.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट. मालोजी, रामजी आणि आता तो, तिसरी पिढी गणवेशात. रामजींना हे बडोद्याला जाणे पसंत नव्हते. तिथे पोराला कसे वागवतील याची त्यांना धास्ती होती, आणि फाटकाच्या आत नि बाहेर काय फरक पडतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? थोड्याच दिवसांत वडील फार आजारी असल्याची तार गेली. भीमराव निघाला. वाटेत सुरतेला उतरून वडिलांसाठी मिठाई घेतली, तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोहोचायला उशीर झाला. रामजींचा जीव त्याच्यासाठीच अडकला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी डोळे मिटले.

त्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेला गेला आणि जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. तिथून त्याने वडिलांच्या एका जुन्या जमादार मित्राला पत्र लिहिले. आईबाप जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे, मुलांच्या नशिबाला वळण लावणे आईबापांच्या हातात असते, असे त्यात होते. आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवावे, ही गोष्ट आपल्या लोकांत फिरून सांगावी, अशी विनंती त्याने त्या जमादारांना केली होती.